टपालाची छाटणी मशीनने करायची? तालुक्यातल्या तरुणाच्या सूचनेत किती दम, वाचा सविस्तर

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि घरकुलाची यादी एवढं सगळं झाल्यावर शेवटी एक वेगळाच अर्ज वाचला गेला. डिप्लोमा झालेल्या आपल्याच तालुक्यातल्या एका तरुणाचा. त्याचं म्हणणं असं, की तालुक्याच्या पोस्टात टपाल आजही हाताने छाटतात, म्हणून गावोगावी पत्रं उशिरा पोचतात. तिथे एक सरकता पट्टा, वर कॅमेरा आणि पत्ता वाचणारा कॉम्प्युटर बसवावा. पत्र आपोआप ज्या त्या गावाच्या खणात पडेल. मशीन तो स्वतः बनवून द्यायला तयार आहे. ग्रामसभेने पाठिंब्याचा ठराव करावा, एवढीच मागणी.

कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. एक बाबा म्हणाले, "अरे, छाटणी द्राक्षाची ऐकली होती, पत्राची कसली?" ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. सरपंचांनी मला सांगितलं, तू बातम्या लिहितोस, तर जरा माहिती काढून लिही. ती माहिती खाली देतोय. तरुणाचं नाव मुद्दाम देत नाही. सूचना तपासायची आहे, माणूस नाही.

आधी माझी एक गोष्ट सांगतो, कारण हा विषय मला लागतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचं मुलाखतीचं पत्र मुलाखत होऊन गेल्यावर अकरा दिवसांनी घरी आलं. पोराने दोन वर्षं अभ्यास केला होता. घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. तेव्हा मीही पोस्टाच्या नावाने बोटं मोडली. पाकीट नंतर नीट बघितलं तर पत्त्यात नुसतं गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड. आमच्या तालुक्यात त्याच नावाची दोन गावं आहेत आणि दोघांचा पिन एकच. पत्र दुसऱ्या गावी गेलं, तिथे पडून राहिलं, मग परत फिरलं. फॉर्म भरताना पत्ता आम्हीच तसा भरला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पत्र तुमच्या दारापर्यंत येतं कसं

मशीन कुठे लावायचं हे ठरवायला आधी टपालाची वाट माहीत पाहिजे. एक पत्र साधारण तीन-चार वेळा छाटलं जातं. जिथे टाकलं तिथून ते मोठ्या छाटणी केंद्रात जातं. यातली बरीच केंद्रं पूर्वापार रेल्वे स्टेशनला लागून आहेत, कारण टपाल रेल्वेने जायचं. त्यालाच आर.एम.एस. म्हणतात. तिथे पत्राची वाट कुठल्या दिशेची ते ठरतं. मग तुमच्या भागाच्या केंद्रात दुसरी छाटणी, म्हणजे कुठल्या पोस्टाची थैली. तालुक्याच्या पोस्टात तिसरी, म्हणजे गावातल्याच पोस्टमनच्या हातात द्यायचं की खेड्यातल्या शाखा डाकघराच्या थैलीत टाकायचं. आणि शेवटची छाटणी आपल्या गावातले ग्रामीण डाक सेवक करतात. ती त्यांच्या डोक्यात असते. आधी मारुतीची आळी, मग वरची वस्ती, मग ओढ्यापलीकडचा मळा.

पहिल्या दोन छाटण्या पिन कोडवर चालतात. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवण्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी होते. टपाल खात्यात मोठ्या पदावर होते आणि संस्कृतचे कवीही होते. देशात एका नावाची गावं ढिगाने, त्यात पत्ते दहा-बारा लिप्यांमध्ये लिहिलेले. कानडीत लिहिलेलं पत्र भुसावळच्या छाटणाऱ्याने कसं वाचायचं? उत्तर असं काढलं, की आकडा सगळ्यांना वाचता येतो.

पिनचे सहा आकडे कसे वाचायचे ते एकदा समजून घ्या. पंढरपूरचा पिन आहे ४१३३०४. पहिला ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग, ज्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिल्या दोन आकड्यांत ४० ते ४४ आपल्याकडे (गोव्याचा ४०३ त्यातच आहे). पहिले तीन आकडे, ४१३, म्हणजे छाटणीचा जिल्हा. आणि शेवटचे ३०४ म्हणजे वाटप करणारं पोस्ट.

इथे लोकांची एक चूक होते. छाटणीचा जिल्हा आणि आपला महसुली जिल्हा एक नसतो. ४१३ ने सोलापूर भागातले पिन सुरू होतात, पण बारामती ४१३१०२ आहे, धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२ आणि श्रीरामपूर ४१३७०९. पाच वेगवेगळे जिल्हे, तीन आकडे तेच. ही वाटणी टपालाच्या वाटेप्रमाणे झाली, तहसीलदाराच्या नकाशाप्रमाणे नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर आहेत, पण पिन कोड साधारण १९ हजार. म्हणजे प्रत्येक पोस्टाला स्वतःचा पिन नाही. खेड्यातली शाखा डाकघरं ज्या पोस्टाला जोडलेली असतात, त्याचाच पिन वापरतात. एका शाखेखाली परत तीन-चार गावं आणि वाड्या. म्हणून तर आपण पत्त्यात "मु. पो." लिहितो. मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव, पोस्ट म्हणजे तुमचं टपाल जिथे येतं ते गाव. दोन्ही एकच असेल तर "मु. पो." एकत्र. वेगळी असतील तर "मु." वेगळं आणि "पो." वेगळं लिहायचं. आजोबांना हे पक्कं माहीत होतं. मोबाईलवर फॉर्म भरणाऱ्या आपल्या पोरांना नाही, आणि फॉर्मवाल्यांनाही नाही. तिथे नुसते "गाव, तालुका, जिल्हा, पिन" असे रकाने असतात.

मशीनने छाटणी, ही काही नवी कल्पना नाही

तरुणाच्या अर्जात "देशात प्रथमच" असं लिहिलं आहे. ते खरं नाही. मुंबईत स्वयंचलित टपाल छाटणी केंद्र १९९३ मध्ये सुरू झालं, चेन्नईत १९९६ मध्ये. दिल्ली आणि कोलकात्याला त्यानंतर मोठी मशीनं बसली. ही मशीनं तासाला तीस हजारांच्या आसपास पत्रं छाटू शकतात.

काम कसं चालतं ते सांगतो. आधी जाड, वाकडी, पिन टोचलेली पाकिटं बाजूला काढतात, नाहीतर पट्ट्यात अडकतात. मग सगळी पत्रं एका बाजूला तोंड करून उभी केली जातात. कॅमेरा पत्त्याचा फोटो काढतो, कॉम्प्युटर त्यातला पिन वाचतो, पाकिटावर बारीक रेघांचा कोड छापला जातो आणि पुढच्या खणात पत्र पडतं. नंतरच्या मशीनला पत्ता वाचावा लागत नाही, रेघा वाचल्या की झालं. कॉम्प्युटरला वाचता आलं नाही तर तो फोटो एका माणसाच्या स्क्रीनवर जातो. माणूस पिन टाईप करतो. म्हणजे मशीनच्या मागे माणूस आहेच.

जगभर तेच दिसतं. नेदरलँड्समध्ये १९३० च्या सुमारास ट्रान्सोर्मा नावाचं मशीन रॉटरडॅमला लागलं, इंग्लंडमध्ये ब्रायटनला १९३५ मध्ये. त्यावर पाच माणसं बसायची. ती पत्ता वाचून बटणं दाबायची, पत्र पोचवण्याचं काम फक्त मशीनचं. वाचायचं काम माणसाचंच. अमेरिकेत पत्ता वाचणारं मशीन १९६५ मध्ये डेट्रॉइटला बसलं, पण तेही छापील अक्षरावर चालायचं. हाताने लिहिलेला पत्ता कॉम्प्युटरला वाचता यायला १९९० चं दशक उजाडलं. त्यात मोठा वाटा बफेलो विद्यापीठात काम करणाऱ्या सरगुर श्रीहरी या भारतीय वंशाच्या प्राध्यापकांचा होता. त्याआधी न वाचलेल्या पत्त्यांचे फोटो बघून कोड टाईप करणारी ५५ केंद्रं अमेरिकेत होती. कॉम्प्युटर शिकत गेला तशी त्यातली बहुतेक एकेक करून बंद झाली.

आणखी एक गोष्ट अर्ज करणाऱ्याला धीर देणारी. अमेरिकेच्या झिप कोडची मूळ सूचना फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मून या टपाल निरीक्षकाने १९४४ मध्ये दिली होती. अमलात आली १९६३ मध्ये. एकोणीस वर्षं! आणि तो तर खात्यातलाच माणूस होता.

कॅनडात उलटं झालं. १९७० च्या दशकात कोड आणि मशीन आल्यावर तिथल्या टपाल कामगारांच्या युनियनने लोकांना सांगितलं, पत्रावर कोड लिहूच नका. कारण मशीनवर बसणाऱ्या माणसाला हाताने छाटणाऱ्यापेक्षा कमी पगार ठरवला होता. आपल्याकडे हा प्रश्न येईल तेव्हा येईल, पण तालुक्याच्या पोस्टात छाटणी करणाऱ्यांशी न बोलता ठराव करणं बरं नाही. अर्ज लिहिण्याआधी तो तरुण पोस्टात गेला नव्हता, हे त्याने माझ्याजवळ मान्य केलं. नंतर आम्ही दोघं मिळून गेलो.

आता आपल्या तालुक्याचं बघू

हिशेब साधा आहे. समजा तालुक्याच्या पोस्टात दिवसाला ३,००० पाकिटं आली (हा आकडा मी नुसता हिशेबासाठी धरलाय, खरा आकडा माहितीच्या अधिकारात मागता येतो). तासाला ३०,००० छाटणारं मशीन हे काम सहा मिनिटांत उरकेल. उरलेला दिवस ते झाकून ठेवायचं. तरुणाचं मशीन लहान आहे, तासाला हजारच छाटेल, असं तो म्हणतो. तरी तीन तास. आणि अनुभवी छाटणारा खणांसमोर उभा राहिला की हजार पत्रांना त्याला एक तास लागतोच असं नाही. त्याला पत्ता पूर्ण वाचावा लागत नाही. आडनाव बघितलं तरी गाव कळतं.

आमच्याकडे डाळिंबाच्या प्रतवारीचं मशीन एका गटाने घेतलं होतं. मशीन झकास होतं. पण माल आठवड्यातून दोन दिवस, लाईट त्यातही चार तास, आणि बिघडलं की माणूस दोनशे किलोमीटरवरून यायचा. शेवटी बाया हाताने निवडायच्या ते परवडलं. मशीनला माल लागतो, सारखा. मुंबईला तो आहे, म्हणून तिथे मशीन पुरतं. तालुक्याला नाही.

दुसरा प्रश्न, उशीर नेमका कुठे होतो? इथे तरुणाने अंदाजाने लिहिलंय. स्पीड पोस्टचा नंबर टाकून ट्रॅकिंग बघितलं तर प्रत्येक टप्प्याची तारीख आणि वेळ दिसते: कधी बुक झालं, कधी थैलीत गेलं, कुठल्या केंद्रातून निघालं, तालुक्याला कधी आलं, वाटपाला कधी दिलं. (नोंदणी टपाल, ज्याला आपण रजिस्टर म्हणायचो, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यामुळे कोर्टाच्या, बँकेच्या नोटिसाही आता याच वाटेने येतात.) तालुक्याला आल्यापासून वाटपाला देईपर्यंत दोन दिवस जात असतील तर छाटणीत घोळ आहे. आल्याच दिवशी थैली गावाकडे जात असेल आणि पत्र तरी चौथ्या दिवशी मिळत असेल, तर छाटणी सुटसुटीत आहे आणि अडचण गाडीत, रस्त्यात किंवा वाटपात आहे.

आम्ही दोघांनी ओळखीच्या घरांतून सहा ट्रॅकिंग नंबर गोळा केले. सहा म्हणजे काहीच नाही, त्यावर निकाल देता येत नाही. पण सहाच्या सहा पाकिटं तालुक्याच्या पोस्टातून आल्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निघाली होती. दोन पाकिटं पुढे अडकली. एका घरी कुणी नव्हतं, एकाचा पत्ता सापडेना. तरुण जरा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, मग पत्ता न सापडणं हाच खरा प्रश्न आहे." मला वाटतं तिथेच त्याची सूचना खऱ्या अर्थाने सुरू झाली.

ग्रामीण डाक सेवकांचं काम दिवसाला चार-पाच तासांचं धरलेलं असतं. त्यात शाखेचं खातं बघायचं, आधारचे पैसे द्यायचे आणि वाड्या-वस्त्यांवर वाटप करायचं. आमच्याकडच्या दादांना चार वस्त्या आहेत, मधे ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाटप नाही. याला पट्टा-कॅमेरा काय करणार?

न वाचलेलं परवडतं, चुकीचं वाचलेलं नाही

तरुण सांगतो, त्याचा मोबाईलवरचा प्रोग्राम मराठी पत्ता शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर वाचतो. हे ऐकायला भारी वाटतं. पण ३,००० पाकिटांत एक टक्का म्हणजे रोज ३०. ती ३० पाकिटं मशीनने "वाचता येत नाही" म्हणून बाजूला टाकली तर काहीच बिघडत नाही, माणूस बघेल. पण मशीनने ती खात्रीने चुकीच्या गावाच्या खणात टाकली तर ३० घरांत माझ्या पुतण्यासारखं होऊ शकतं. त्यात कुणाची कोर्टाची तारीख असेल, कुणाचं एटीएम कार्ड. म्हणून किती बरोबर, हा एकच आकडा उपयोगाचा नाही. किती न वाचलेली आणि किती चुकीची वाचलेली, हे दोन आकडे वेगळे पाहिजेत. दुसरा जवळजवळ शून्य असला तरच पुढे बोलावं.

शिवाय त्याने चाचणी कशावर घेतली? घरातल्या लग्नपत्रिकांवर. त्यावर पत्ते एकाच माणसाच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या, अक्षरातले. आपलं हस्ताक्षर कसं असतं ते सांगायला नको. शिरोरेघ एकाची सलग, एकाची तुटक, एकाची नाहीच. "ख" आणि "रव" कळत नाही, "घ" आणि "ध" मध्ये गोंधळ. उलट आजकाल हाताने लिहिलेलं टपाल कमीच. बँक, विमा, आधार, आरटीओ, कोर्ट, सगळं छापील आणि बरंचसं इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीत आपल्या गावांची नावं प्रत्येक ऑफिस आपापल्या पद्धतीने लिहितं. वाडीचं स्पेलिंग तीन प्रकारचं मी स्वतः माझ्याच घरच्या पाकिटांवर बघितलं आहे.

चाचणी घ्यायची सोपी रीत आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. खऱ्या टपालाला हात लावायचा नाही. थैलीतलं टपाल बाहेरच्या माणसाने हाताळणं, त्याचे फोटो काढणं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमचं पत्र मी का बघावं? शाळेतल्या पोरांकडून, बचत गटाच्या बायकांकडून, पारावरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या पाकिटांवर पाचशे पत्ते लिहून घ्यायचे. खरी गावं, खोटी नावं. त्यात मुद्दाम शंभर पत्ते अर्धवट ठेवायचे: पिन चुकलेला, "पो." नसलेलं, वाडीचं नुसतं टोपणनाव असलेलं. ते मशीनसमोर ठेवायचे आणि तेच तालुक्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या एखाद्या पोस्टमनसमोर. दोघांच्या चुका लिहून काढायच्या. एका रविवारचं काम आहे.

अर्जातला चांगला भाग दुसऱ्या पानावर आहे

ग्रामसभेत पहिलंच पान वाचलं गेलं. दुसऱ्या पानावर तरुणाने तालुक्यातली सगळी गावं, वाड्या, वस्त्या, तांडे आणि त्यांची टोपणनावं यांचा एक तक्ता केलाय. कुठली वाडी कुठल्या शाखा डाकघराला जोडलेली, पिन कोणता, एका नावाची गावं कोणती आणि इंग्रजीत नाव किती प्रकारे लिहिलं जातं. मशीनला शिकवण्यासाठी त्याने तो केला. माझ्या मते मशीन बाजूला ठेवलं तरी हा तक्ता सोन्याचा आहे.

मुंबईचे डबेवाले बघा. कोविडच्या आधी रोज दोन लाखांच्या आसपास डबे जायचे. मशीन नाही, कॉम्प्युटर नाही. झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरांची खूण. कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, हे त्या खुणेतच. मावळ, जुन्नर, राजगुरुनगरकडची आपलीच माणसं, बरेच जण शाळा अर्धवट सुटलेले. चूक क्वचित होते, कारण खूण पक्की आहे. खूण पक्की असेल तर हातही चालतो आणि मशीनही चालतं. खूण कच्ची असेल तर दोन्ही फसतात.

तर आपल्याकडे वाडीपर्यंतची खूण नाही, हा खरा खड्डा आहे. पिन तालुक्याच्या नाहीतर मोठ्या गावाच्या पोस्टाशी थांबतो. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी डिजिपिन आणलाय. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या सुदूर संवेदन केंद्राबरोबर मिळून तो तयार केला. पूर्ण देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा खुणांचा कोड दिलाय. मळ्यातल्या एकट्या घरालाही स्वतःचा कोड मिळतो. पण तो पिनच्या जागी आलेला नाही, पिन लिहायचाच आहे. डिजिपिन जागा सांगतो, ती जागा कुठल्या शाखा डाकघराच्या वाटेवर आहे ते आपोआप सांगत नाही. तरुणाचा तक्ता त्या दोघांच्या मधला दुवा होऊ शकतो. नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्ता कसा लिहावा आणि पोस्टकोड कसे वापरावेत याचे निकष ठरवायचा अधिकार त्यात केंद्र सरकारला दिलेला आहे. म्हणजे दार उघडं आहे.

तरुणाला मी तीन गोष्टी सुचवल्या. पट्टा आणि मोटर काढून टाक. मोबाईल हातात धरायचा, पाकीट दाखवायचं आणि स्क्रीनवर "खण १४, शंका आहे" एवढं आलं तरी नव्याने बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला मोठी मदत होते. जुन्या माणसाला गरज नाही. जुना माणूस निवृत्त झाला की तालुक्याचं डोकं निघून जातं, तेव्हा हा तक्ता उपयोगी. दुसरं, एका नावाच्या गावांपासून सुरुवात कर, चुका तिथे होतात. तिसरं, तक्त्यातली प्रत्येक ओळ त्या त्या गावच्या डाक सेवकाकडून तपासून घे. चौथी गोष्ट त्यानेच मला ऐकवली, की काका, तुमच्या बातमीत "पोस्टाचा गलथानपणा" असं हेडिंग नको. कबूल केलं.

पुतण्याच्या पत्राकडे परत येतो. हे मशीन तेव्हा असतं तर पत्र वेळेवर आलं असतं का? नसतं. मशीनने तेच अर्धवट नाव वाचलं असतं आणि दोनपैकी एका गावाच्या खणात टाकलं असतं. तक्ता असता तर "या नावाची दोन गावं आहेत" असा इशारा आला असता, आणि कुणीतरी आडनाव बघून फोन फिरवला असता. कदाचित.

सूचना द्यायची कुठे

ग्रामसभेचा ठराव झाला तरी पोस्ट केंद्र सरकारचं आहे, जिल्हा परिषदेचं नाही. ठरावाची प्रत आणि अर्ज आपल्या विभागाच्या डाकघर अधीक्षकांकडे द्यावा, पोच घ्यावी. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, सूचना घेतल्या जात नाहीत, तिथे तक्रारच लागते. तिथल्या तक्रारीचा निपटारा आता २१ दिवसांत करायचा असा नियम आहे. पत्र हरवलं, उशिरा आलं, चुकीच्या गावी गेलं, तर तक्रार तिथे किंवा १८००-२६६-६८६८ या टोल फ्री नंबरवर करता येते. पाकीट फेकू नका, त्यावरचे शिक्के हाच पुरावा. डाक अदालत भरते तिथेही अर्ज देता येतो. नुकसानभरपाईची फार आशा मात्र धरू नका. नियमात जेवढी ठरवून दिलीय त्यापलीकडे टपाल खात्यावर जबाबदारी येत नाही, असं जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे.

तालुक्याला रोज किती टपाल येतं, किती परत जातं, "पत्ता अपुरा" शेरा मारून परत गेलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तर ३० दिवसांत. तरुणाने हा अर्ज मागच्या सोमवारी दिला आहे. पाचशे पाकिटांची चाचणी गावच्या शाळेत येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. निवृत्त पोस्टमन काकांनी यायचं कबूल केलंय, चष्मा नवा करून येतो म्हणाले. ज्यांच्या घरी जुनी पाकिटं आहेत त्यांनी शनिवारपर्यंत शाळेत आणून द्यावीत. दोघांच्या चुकांचे आकडे मंगळवारच्या बातमीत देतो.